व्यापक कोण, व्याप्य कोण ?

गणितांतील एखादा शब्द गणिताबाहेर पडला म्हणजे त्याची काय अवस्था होते, हें पाहण्याचा प्रसंग मध्यंतरीं एका परिसंवादांत मजवर आला. विषय संगणक आणि मराठी यांच्या संबंधाचा होता. एक विद्वान वक्ते मोठ्या आवेशानें म्हणाले कीं, प्रमाण मराठी हा सर्व बोलींचा 'सुपरसेट' आहे. झाडीबोली, वऱ्हाडी, अहिराणी, मालवणी हे सारे त्याचे 'सबसेट' होत. त्यांचें नांव सांगण्याचें प्रयोजन नाहीं, कारण हें मत त्यांचें एकट्याचें नव्हे. जें बोलींत आहे तें प्रमाणभाषेंत आहेच, शिवाय पुष्कळ अधिक आहे. सबब ज्यानें प्रमाणभाषा आत्मसात् केली त्याला बोलीवांचून कांहीं उणें पडत नाहीं, असा त्यांचा निष्कर्ष. सभागृहांत टाळ्या पडल्या. टाळ्या वाजविणाऱ्यांत लाखांदूर, पवनी, मोहाडीकडले लोक पुष्कळ होते. घरीं गेल्यावर आईशीं ते ज्या भाषेंत बोलणार होते, तिचीच ही उत्तरक्रिया चालली आहे, हें त्यांच्या ध्यानांत आलेलें दिसलें नाहीं.

पंचवीस वर्षांवर गणित शिकविण्यांत गेल्यामुळें मला एक खोड लागली आहे. कोणी आमच्या शास्त्राचा शब्द उसना नेला, तर तो त्यानें फाडून परत आणला कीं धड आणला, हें मी पाहतों. येथें तो फाटून आला आहे. आणि फाटला आहे तो नेमका जेथून एका जिल्ह्याची जीभ कापली जाते तेथें.

सुपरसेट म्हणजे काय ? मराठींत त्याला अधिसंच म्हणूं. 'अ' या संचाचा प्रत्येक घटक जर 'ब' या संचांत असेल, तर 'ब' हा 'अ'चा अधिसंच आणि 'अ' हा 'ब'चा उपसंच. व्याख्या एवढीच. तिच्यांत 'प्रत्येक' हा एकच शब्द महत्त्वाचा. बाकीचे शब्द त्याचे भालदार-चोपदार. लाखांतील एक कमी एवढे घटक आंत असले आणि एकच बाहेर राहिला, तरी अधिसंचाचा दावा समूळ कोसळतो. येथें बहुमत चालत नाहीं. शिवाय या व्याख्येप्रमाणें प्रत्येक संच स्वतःचा अधिसंच असतो, आणि ज्यांत एकहि घटक नाहीं तो रिक्त संच सर्वांचा उपसंच असतो. ज्या नात्यांत प्रत्येक जण स्वतःवर अधिष्ठित होऊं शकतो, त्या नात्यांत थोरवीचा वास शोधणें व्यर्थ होय.

आमच्या जिल्ह्याचेंच उदाहरण घ्या. १ मे १९९९ रोजीं भंडारा जिल्ह्यांतून गोंदिया जिल्हा वेगळा झाला. आज भंडाऱ्याकडे भंडारा, तुमसर, मोहाडी, साकोली, लाखनी, लाखांदूर आणि पवनी असे सात तालुके आहेत, गोंदियाकडे आठ. जुना भंडारा जिल्हा हा आजच्या भंडाऱ्याचा अधिसंच, तसाच आजच्या गोंदियाचाहि अधिसंच. आतां या नात्यांतून काय निष्पन्न होतें तें पाहा. जुन्या जिल्ह्यांतील 'सर्व' गांवांविषयीं जें खरें होतें, तें आजच्या भंडाऱ्यांतील सर्व गांवांविषयीं खरें असणारच. पण जुन्या जिल्ह्यांत 'कांहीं तरी' होतें, म्हणून तें आजच्यांतहि असेल असें नाहीं. नवेगांवचा बांध भंडारा जिल्ह्यांत आहे, हें वाक्य १९९९ पूर्वीं खरें होतें. आज तो बांध गोंदिया जिल्ह्यांत आहे. 'सर्व' हा शब्द वरून खालीं उतरतो, 'कांहीं' हा शब्द खालून वर चढतो. त्यांना उलट वाटेनें चालवितां येत नाहीं. परिसंवादांतील वक्त्यांनीं नेमकें तेंच केलें. बोलींतील कांहीं शब्द, पाहिजे तर पुष्कळ शब्द, प्रमाणभाषेंत आहेत एवढ्यावरून सर्व आहेत असें त्यांनीं ठरविलें. वर्गांत हा प्रमाद एखाद्या विद्यार्थ्यानें केला असता, तर मीं त्याला फळ्यापाशीं उभें केलें असतें.

'सुपर' या उपसर्गानें हा सारा घोटाळा केला आहे. लॅटिन भाषेंत त्याचा अर्थ 'वर' एवढाच. परंतु आमच्या कानांत सुपरिटेंडेंटपासून सुपरस्टारपर्यंत इतके अधिकारी आणि नट जमा झाले आहेत कीं, सुपरसेट म्हटलें म्हणजे तो कोणी वरिष्ठ संच असावा आणि उपसंचानें त्याला मुजरा करावा, असें वाटूं लागतें. 'अधिसंच' या आपल्या शब्दांतहि 'अधिपति' डोकावतोच. वास्तविक आपल्या तर्कशास्त्रांत याच नात्याला फार निकोप शब्द होते. जेथें जेथें धूर तेथें तेथें अग्नि. म्हणून धूर व्याप्य आणि अग्नि व्यापक. धुराचीं स्थळें हा उपसंच, अग्नीचीं स्थळें हा अधिसंच. धुरावरून अग्नीचें अनुमान करतां येतें. अग्नीवरून धुराचें नाहीं, कारण तापून लाल झालेल्या लोखंडाच्या गोळ्यांत अग्नि असून धूर नसतो. म्हणजे ज्ञानाच्या दृष्टीनें पाहिलें तर व्याप्यच अधिक सांगतें; व्यापक मुकें असतें. सतराव्या शतकांतील अन्नंभट्टाच्या 'तर्कसंग्रहां'त सामान्याचे पर आणि अपर असे दोन प्रकार आहेत. त्यांतील 'पर' म्हणजे अधिक ठिकाणीं राहणारें. अधिक थोर नव्हे. 'सत्ता' हें सर्वांत पर सामान्य. कारण उघड आहे : दगडाविषयीं आणि देवदत्ताविषयीं सारखेंच बोलतां येईल असें तेवढेंच उरतें. व्याप्ति वाढली कीं आशय घटतो. संगणकाचे आज्ञालेखक याला साक्ष देतील. त्यांच्याकडे मूळ 'वर्गा'पासून पोटवर्ग काढतात, तेव्हां पोटवर्गांत मोडणाऱ्या वस्तु थोड्या असतात. पण त्या प्रत्येकीचे गुण मूळ वर्गांतील वस्तूपेक्षां अधिक सांगितलेले असतात. व्यापक तें समृद्ध, हें समीकरण न्यायशास्त्रालाहि ठाऊक नाहीं आणि संगणकालाहि नाहीं.

उपसंचाहून वेगळा असलेला अधिसंच संख्येनें मोठाच असतो, असाहि एक समज आहे. सांत संचांपुरता तो चालतो. अनंत संचांत तो चालत नाहीं, हें गालिलेओनें १६३८ सालच्या आपल्या ग्रंथांत वर्गसंख्यांच्या उदाहरणानें दाखविलें होतें. पुढें एकोणिसाव्या शतकांत गेओर्ग कांटोरनें त्याचें शास्त्र बनविलें. सर्व नैसर्गिक संख्या हा सम संख्यांचा अधिसंच आहे. तरी प्रत्येक संख्येसमोर तिची दुप्पट मांडीत गेलों तर दोन्ही रांगा बरोबर जुळतात, कोणी उरत नाहीं. भाषेंतील वाक्यें अशींच अनंत आहेत. पुण्याच्या मराठींत जितकीं वाक्यें संभवतात तितकींच साकोलीच्या झाडीबोलींत संभवतात. एकहि कमी नाहीं. ज्यांना भाषा मोजावयाच्या आहेत, त्यांनीं हें आधीं मोजावें.

आतां वक्त्यांच्याच संगणकाकडे वळूं, कारण तेथें अधिसंच ओळखण्याची एक रोखठोक कसोटी आहे. १९६३ सालीं प्रथम प्रसिद्ध झालेल्या आस्की संकेतांत १२८ जागा होत्या. पुढें १९९२ सालीं केन थॉम्प्सन आणि रॉब पाइक यांनीं यूटीएफ-८ ही लेखनरीति बसविली; तिच्यांत मराठीसकट जगांतील बहुतेक लिप्या मावतात. ती आस्कीचा अधिसंच आहे असें म्हणतात, आणि तें अक्षरशः खरें आहे : आस्कींत लिहिलेला कोणताहि जुना मजकूर एक बिटहि न बदलतां यूटीएफ-८ म्हणून वाचतां येतो. जुन्याला नवीन दाराशीं जोडे काढावे लागत नाहींत. याच्या उलट 'सी प्लस प्लस' या संगणकभाषेची गोष्ट. ती 'सी'चा अधिसंच आहे असें सर्रास बोललें जातें. परंतु 'सी'मध्यें 'क्लास' हें नांव एखाद्या राशीला खुशाल देतां येतें, आणि 'सी प्लस प्लस'मध्यें तो शब्द भाषेनें स्वतःसाठीं राखून ठेवल्यामुळें तोच लेख चूक ठरतो. म्हणून जाणते लोक तिला अधिसंच म्हणतांना जीभ चावतात. कसोटी ही अशी आहे. उपसंचांतील लेख जसाच्या तसा अधिसंचाच्या हवालीं करा; तो बिनतक्रार स्वीकारला गेला, तर नातें खरें; दुरुस्त होऊन परत आला, तर खोटें.

ही कसोटी आमच्या जिल्ह्यांत रोज लागते. फक्त ती संगणकावर नव्हे, तर वहीवर लागते. शेजारच्या एका शेतकऱ्याची मुलगी मजकडे बीजगणितांतील अडचणी घेऊन येते. एकदां तिच्या दप्तरांतून निबंधाची वही बाहेर पडली. विषय पावसाळ्याचा होता. मुलीनें लिहिलें होतें कीं, मिरगानंतर वडिलांनीं पऱ्हे टाकले, बांधींत चिखल केला, आणि आई इतर बायांबरोबर धानाच्या रोवनीला गेली. 'पऱ्हे' खोडून तांबड्या शाईनें 'रोपें' लिहिलें होतें, 'बांधीं'च्या जागीं 'खाचर', 'धाना'च्या जागीं 'भात', आणि 'रोवनी'च्या जागीं 'लावणी'. चार शब्द, चार गुण. मुलगी रडत नव्हती. ती बुचकळ्यांत पडली होती. मला म्हणाली, "काका, लावनी त नाचाची असते ना ?"

या प्रश्नाला मजजवळ उत्तर नव्हतें. तिची आई गुडघाभर चिखलांत वांकून रोपें रोवीत होती. शाळेच्या शाईनें तिला फडावर उभें केलें होतें. ज्या कोणा शिक्षकांनीं हें केलें त्यांना मी दोष देत नाहीं. त्यांना जें शिकविलें तें त्यांनीं प्रामाणिकपणें पार पाडलें. पण अधिसंचाच्या गोष्टी सांगणाऱ्यांनीं ही वही पाहावी. प्रमाण मराठी हा झाडीबोलीचा अधिसंच असता, तर त्या वहींत तांबडी शाई पडलीच नसती. तांबड्या शाईची प्रत्येक रेघ म्हणजे अधिसंचाच्या दाव्याविरुद्ध एकेक प्रत्युदाहरण आहे. आणि गणितांत एक पुरतें.

'भात' या शब्दाविषयीं थोडें अधिक सांगितलें पाहिजे, कारण येथें कमी-अधिक कोण याचा उलगडा होतो. कोंकणांत शेतांत उभें असतें तेंहि भात आणि पानांत वाढतात तोहि भात; लिंगावरून भेद कळतो. आमच्याकडे शेतांत धान, गिरणींतून तांदूळ, आणि पानांत भात. जिथें जिकडेतिकडे बोड्या, तलाव आणि बांध्या यांवांचून दुसरें दृश्य नाहीं, तेथें तीन अवस्थांना तीन नांवें असावींत हें स्वाभाविकच आहे. 'धान'चा 'भात' करणारी शाई शब्द शुद्ध करीत नाहीं, एक भेद पुसते. दुसरा शब्द 'मंडई'. पुण्याच्या माणसाला हा शब्द ऐकून वांगीं-बटाटे आठवतील. आमच्याकडे दिवाळीनंतर गांवोगांव मंडई भरते; लोक पाहुणे येतात, लेकीबाळी माहेरीं येतात, रात्रभर दंडार चालते. शब्द एकच, पण कोशाचा घटक नुसता ध्वनि नसतो, ध्वनि आणि अर्थ यांची जोडी असते. म्हणून 'मंडई' दोन्हीकडे आहे असें दाखवून ती समान घटक ठरत नाहीं. उच्चारांचें तर बोलावयासच नको. आमच्याकडे डोळ्याला डोरा म्हणतात, पाण्याला पानी म्हणतात. याला अशुद्ध म्हणणारे लोकहि तें प्रमाणभाषेंत आहे असें म्हणत नाहींत. म्हणजे तेहि अधिसंचाचा दावा नकळत सोडूनच देतात.

यावर वक्ते उत्तर देतील कीं, झाडीबोली मराठी नाहीं कीं काय ? आहे, आणि कळीचा मुद्दा हाच. 'मराठी' या एका शब्दाखालीं दोन वेगळे संच लपविले आहेत. एक संच म्हणजे मराठी म्हणून जें जें बोललें जातें त्या सर्वांचा संयोग : झाडी, वऱ्हाडी, मालवणी, सर्व कांहीं, आणि त्यांत प्रमाण मराठीहि. हा संयोग झाडीबोलीचा अधिसंच आहे, निःसंशय. पण तो प्रमाण मराठीचाहि अधिसंच आहे. दुसरा संच म्हणजे नुसती प्रमाण मराठी. ती त्या संयोगांतील एक उपसंच आहे. झाडीबोलीच्या शेजारीं पाट मांडून बसलेली. संयोगाचा मान आपला म्हणून मिरविणें हा तिचा, किंवा तिच्या वकिलांचा, अतिप्रसंग होय.

आणि या दोन संचांची अदलाबदल गरजेप्रमाणें होते, हें अधिक वाईट. २०११ च्या जनगणनेंत मराठी भाषकांची संख्या आठ कोटी तीस लाख भरली. ती मोजतांना झाडीचा माणूस आंत घेतला. ३ ऑक्टोबर २०२४ रोजीं केंद्र सरकारनें मराठीला अभिजात भाषेचा दर्जा दिला, तेव्हां आमच्या जिल्ह्यांतहि पेढे वांटले गेले, आणि तें योग्यच झालें. 'लीळाचरित्रां'त वावरणारे नीळभट भांडारेकार हे आमच्याच गांवचें नांव लावतात. म्हणजे डोकीं मोजतांना आणि वडिलोपार्जित धन दाखवितांना 'मराठी' म्हणजे संयोग. आणि उत्तरपत्रिका तपासतांना 'मराठी' म्हणजे तो एक उपसंच. तर्कशास्त्रांत याला छल म्हणतात. व्यवहारांत त्याला काय म्हणतात तें वाचकांना ठाऊक आहे.

प्रमाण मराठी इतरांचा अधिसंच असणें दूर राहो, ती स्वतःच्या कालच्या रूपाचा तरी अधिसंच आहे काय ? हा लेख मी जुन्या अनुस्वारांनीं लिहीत आहें. वडिलांच्या पेटींतील मासिकें वाचून ती संवय लागली. १९६२ सालीं शुद्धलेखनाचे चौदा नियम आले, १९७२ सालीं आणखी चार. आणि त्या मासिकांत जें शुद्ध होतें त्यांतील पुष्कळसें अशुद्ध ठरलें. मी त्या नियमांची तक्रार करीत नाहीं. त्यांनीं मुलांचे श्रम वांचविले. परंतु ज्या संचांतून जुने घटक सरकारी ठरावानें बाहेर काढतां येतात, तो सर्वांना पोटांत घेणारा आहे असें कोणीं म्हणूं नये.

गोंडी आणि पोवारी यांचाहि येथें विचार केला पाहिजे. आमच्या जिल्ह्याची वाणी म्हणजे केवळ झाडीबोली नव्हे. गोंडी तर द्राविडकुळांतील, म्हणजे मराठीच्या संयोगाच्याहि बाहेरची. तेव्हां 'भंडाऱ्याची भाषा' आणि 'मराठी' हे एकमेकांचे उपसंच नाहींत, अधिसंचहि नाहींत. ते एकमेकांना छेदणारे दोन संच आहेत. दोन संच दिसले कीं त्यांत एक मोठा आणि एक धाकटा असलाच पाहिजे, ही समजूत गणितांतून आलेली नाहीं. ती घराण्यांच्या वादांतून आली आहे.

मग प्रमाणभाषा टाकून द्यावी काय ? मुळींच नाहीं. मी हा लेख तिच्यांतच लिहीत आहें, कारण तो रत्नागिरीच्या आणि नांदेडच्या वाचकाला कळावा अशी माझी इच्छा आहे. मात्र ती उपयोगी पडते ती व्यापक आहे म्हणून नव्हे. ती उपयोगी पडते याचें कारण ती आंखूड आहे. निरनिराळ्या बोली बोलणाऱ्यांना एकत्र येण्यापुरती, जवळजवळ छेदसंचासारखी, अशी ती एक सामायिक ओसरी आहे. ओसरीवर सर्वांनीं यावें, बसावें. पण ओसरी म्हणजेच सारें घर, आंतल्या खोल्या पाडून टाका, असें म्हणणाऱ्याला घरमालक ओसरीवरूनहि उठवील.

अधिसंच बनवावयाचाच असेल, तर तो बनवितां येतो; जाहीर करून नव्हे, घटक आंत घेऊन. दाते-कर्वे यांच्या 'महाराष्ट्र शब्दकोशा'नें १९३२ ते १९३८ या वर्षांत नागपुरी, वऱ्हाडी, कोंकणी, गोमंतकी शब्द त्या त्या खुणेसह नोंदले. त्यांना कोणीं तांबडी शाई दिली नव्हती. आमच्या साकोलीचे डॉ. हरिश्चंद्र बोरकर यांनीं झाडीबोलीचा शब्दकोश सिद्ध केला. संगणकाच्या युनिकोड संकेतांत मराठी 'ॲ'ला प्रथम स्वतंत्र जागा नव्हती. ती २००८ सालीं दिली गेली, आणि त्या संकेताचा नियम असा आहे कीं, एकदां दिलेलें अक्षर पुन्हां काढून घेतां येत नाहीं. विद्वान वक्त्यांना संगणक प्रिय आहे, तर त्यांनीं हा नियम आपल्या प्रमाणभाषेला लावून पाहावा. पहिलें काम अगदीं लहान आहे. आमच्या पट्टींत परीक्षकांना देण्यांत येणाऱ्या सूचनांत एक ओळ घालावी कीं, विद्यार्थ्यानें आपल्या परिसरांतील शब्द योग्य अर्थानें योजला असतां गुण कापूं नयेत.

दरम्यान त्या मुलीच्या वहींतील एकच शब्द, 'पऱ्हे', मीं वक्त्यांना पत्रानें कळविला आहे. तो त्यांच्या संचांत आहे कीं नाहीं, एवढेंच त्यांनीं होय अथवा नाहीं या एका शब्दानें लिहावें. आहे म्हणाले, तर मुलीचा एक गुण परत द्यावा लागेल. नाहीं म्हणाले, तर 'सुपरसेट' हा शब्द त्यांनीं आमच्या शास्त्राला परत करावा. हें लिहीपर्यंत उत्तर आलेलें नाहीं.